वाचकांचे प्रश्न : कॉर्नरबॅक हरतो कसा ते आधी बघा

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, तिचा ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची निवड जवळ आली की आमच्याकडे अमेरिकन फुटबॉलची पत्रं वाढतात, आणि ह्या खेपेला निम्म्याहून जास्त पत्रं एकाच पोझिशनवर आलीत, कॉर्नरबॅक. ज्यांना ह्या खेळातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, समोरच्या टीमचा रिसीव्हर पळत सुटतो, क्वार्टरबॅक त्याच्याकडे पास फेकतो आणि तो पास त्याच्या हातात पडू न देणं हे कॉर्नरचं काम, आणि पास स्वतःच पकडला तर ते इंटरसेप्शन. कॉलेजातल्या पोरांना एनएफएलच्या ३२ टीम्स एप्रिलच्या शेवटी सात राउंडमध्ये उचलतात, आदल्या सीझनला जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिचा नंबर पहिला (अदलाबदली चालतात, पण ते सोडा). बाकीचं ओघात येईलच.

प्रश्न : माझा भाचा अटलांटाला असतो, त्याच्या नादाने मीपण बघायला लागलो. एक कळत नाही, ज्याने कॉलेजात सगळ्यात जास्त इंटरसेप्शन घेतले तो सगळ्यात भारी कॉर्नर, असा सरळ हिशोब का नाही? दोन-तीन इंटरसेप्शनवाले वर आणि दहा-बारावाले खाली, असं कसं काय?
— एक वाचक, कोथरूड

दादा, इंटरसेप्शन मिळायला आधी बॉल तुमच्याकडे यावा लागतो ना. आणि क्वार्टरबॅक काय येडा नसतो, जिकडे फेकून काही मिळत नाही तिकडे तो फेकतच नाही. ओकलंडच्या नामडी असोमुआचं बघा, २००६ ला ८ इंटरसेप्शन आणि पुढची तीन वर्षं दरवर्षी एकेक. तो काय बिघडला नव्हता, लोकांनी त्याची बाजूच सोडून दिली होती. उलटं उदाहरण डॅलसचा ट्रेव्हॉन डिग्ज, २०२१ ला तब्बल ११ इंटरसेप्शन, सगळीकडे नाव, आणि त्याच सीझनला त्याच्या अंगावरून रिसीव्हर लोकांनी यार्डपण ढीगभर काढले. अंदाज बांधून उडी मारायची, लागली तर लागली, नाहीतर मागे रान मोकळं.

कॉलेजच्या आकड्यांवर गेलं की काय होतं त्याचं अलीकडचं उदाहरण म्हणजे मिसिसिपी स्टेटचा इमॅन्युएल फोर्ब्स. कॉलेजात १४ इंटरसेप्शन, त्यातले ६ थेट समोरच्यांच्या गोलरेषेपार, म्हणजे टचडाउनपर्यंत पळवले, वरच्या दर्जाच्या कॉलेज फुटबॉलमध्ये हा विक्रम आहे. २०२३ ला वॉशिंग्टनने त्याला १६ वा उचलला. कंबाइनला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणीला, वजन भरलं १६६ पौंड, म्हणजे पंचाहत्तर किलो, सहा फुटाच्या पोराचं. पहिल्याच सीझनला समोर आला फिलाडेल्फियाचा ए. जे. ब्राउन, शंभर किलोच्या वरचा गडी, त्याने त्या मॅचला १७५ यार्ड काढले आणि त्यातले बरेच फोर्ब्सच्याच बाजूने, मग लगेच पुढच्या मॅचला शिकागोचा डी. जे. मूर २३० यार्ड घेऊन गेला आणि फोर्ब्सला चालू मॅचमध्ये बाकावर बसवला. दुसरा सीझन संपायच्या आत वॉशिंग्टनने त्याला सोडूनच दिला. आणि चुटपुट लावणारी गोष्ट अशी की त्याच्या पाठोपाठ १७ वा गेला ऑरेगॉनचा क्रिस्टियन गोन्झालेझ, न्यू इंग्लंडकडे, कॉलेजातले आकडे फोर्ब्सच्या जवळपासही नाहीत, पण आज लीगमधल्या चांगल्या कॉर्नरांत त्याचं नाव घेतात.

मग बघायचं काय? माझं मत विचाराल तर, पोरगा हरतो कसा ते बघा. हरतो तर प्रत्येकच कॉर्नर, कारण रिसीव्हरला माहीत असतं आपण कुठे वळणार आणि हा बिचारा उलटा पळत पळत त्याचा अंदाज घेत असतो. कबड्डीत चांगला कोपरारक्षक रेडरने पाय टाकेपर्यंत हात राखून ठेवतो आणि घाई करणारा आधीच झेप घेऊन पॉइंट देऊन बसतो ना, सेम तसं. पहिली दोन पावलं हुकल्यावर पोरगा काय करतो? काहीजण घाबरून जर्सी ओढतात, काहीजण बॉल कुठाय म्हणून लगेच मान वळवतात आणि तेवढ्यात अजून दोन यार्ड मागे पडतात, काहीजण तर पळायचंच सोडतात. आणि एखादा असतो जो मागे पडूनही रिसीव्हरच्या कमरेजवळ चिकटतो आणि बॉल हातात पडताना मध्ये स्वतःचा हात घालतो. ह्या शेवटच्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क.

प्रश्न : माझा मुलगा हायस्कूलला कॉर्नर खेळतो, खूप फास्ट आहे, कोच म्हणतात की ४० यार्डचा टाइम चांगला आला तर कॉलेजवाले मागे लागतील आणि पुढे एनएफएलचंही बघता येईल. उंची मात्र ५ फूट ९ च्या पुढे जाईल असं वाटत नाही, आमच्या दोघांच्या घराण्यात कोणीच उंच नाही हो. टाइमला खरंच एवढी किंमत असते का?
— एक आई, प्लेनो, टेक्सास

ताई, किंमत असते पण दार उघडण्यापुरती. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चला इंडियानापोलिसला कंबाइन होतं, तिकडे ४० यार्ड म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर पळायला लावतात. कॉर्नरला ४.४ च्या आसपास आला की सगळे खूष, ४.६ आला की तोंडं वाकडी. २०२२ ची गंमत सांगते, बेलरच्या केलन बार्न्सने ४.२३ काढला, अख्ख्या कंबाइनमध्ये सगळ्यात फास्ट. त्याला कॅरोलायनाने घेतला सातव्या राउंडला आणि सीझनआधीचा सराव कॅम्प संपता संपता सोडलापण. त्याच दिवशी सॅन अँटोनियोच्या यूटीएसए कॉलेजचा टारिक वूलन ४.२६ पळाला, उंची ६ फूट ४, त्याला सिअॅटलने पाचव्या राउंडला १५३ वा घेतला आणि पहिल्याच सीझनला पठ्ठ्याने ६ इंटरसेप्शन घेतले, लीगमध्ये बरोबरीने पहिला. दोघांच्या टाइममधला फरक सेकंदाच्या तीनशतांश, त्याने काय ठरलं?

उलट बाजूही बघा. क्लीव्हलंडचा जो हेडन २०१० च्या कंबाइनला ४.५७ पळाला, तेव्हा बोंबाबोंब झाली होती, तरी सातवा गेला आणि पुढे वर्षानुवर्षं उत्तम खेळला. सिअॅटलचा गाजलेला कॉर्नर रिचर्ड शर्मनपण साडेचारच्या वरचाच, २०११ ला पाचव्या राउंडला १५४ वा.

कसंय, ४० यार्ड सरळ पुढे पळायचे असतात, ट्रॅकवर पळतात तसं, आणि मॅचमध्ये कॉर्नरची सुरुवातच मुळी उलटी होते. गुडघे वाकवून मागे मागे जायचं, मग रिसीव्हर वळला की कंबर फिरवून त्याच्याबरोबर सुटायचं. हे कंबर फिरवणं हाच सगळा खेळ. टेप बघताना स्काउट, म्हणजे टीमसाठी पोरं पारखणारे लोक, त्या एका क्षणावर थांबवून थांबवून बघतात, वळताना पोरगा उभा राहिला का, एक पाय उगाच मागे टेकवला का, डोकं वर-खाली झालं का. एक फालतू पाऊल म्हणजे एक यार्ड, आणि एनएफएलच्या क्वार्टरबॅकला एक यार्ड बास आहे. तुमच्या मुलाला वेळ द्यायचाच असेल तर त्या पावलांवर द्या, टाइम आपोआप थोडाफार सुधारतो.

उंचीचं म्हणाल तर बाहेरच्या बाजूला, म्हणजे साइडलाइनजवळ, ५ फूट ९ वाल्याला कठीण जातं हे खरं. पण आजकाल टीम्स अर्ध्याहून जास्त वेळ पाच डिफेन्सिव्ह बॅक (मागे राहून पास अडवणारे) घेऊन खेळतात आणि त्यातला पाचवा मधल्या जागेत, स्लॉटमध्ये खेळतो, तिकडे उंचीपेक्षा चपळाई लागते. इंडियानापोलिस कोल्ट्सचा केनी मूर ५ फूट ९ चाच, २०१७ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच विचारलं नाही आणि २०२१ च्या सीझनला गडी प्रो बोलमध्ये, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत. बाकी हायस्कूलच्या पोराचं एनएफएलचं आत्ताच मनावर घेऊ नका, अभ्यास चालू द्या.

प्रश्न : हाताची लांबी का मोजतात? टेप घेऊन इंच इंच बघतात, लग्नाच्या शेरवानीचं माप घेतल्यासारखं!
— एक वाचक, नाशिक

हाहा. खांद्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजतात. कारण वरच आलंय, मागे पडल्यावर बॉलपर्यंत पोचणारी शेवटची गोष्ट म्हणजे हात. प्रेस खेळताना, म्हणजे रिसीव्हरला सुरुवातीलाच छातीवर थोपवायचं असतं तेव्हा, लांब हातवाला आधी टेकवतो. ३१ इंचाच्या खाली गेलं की स्काउट कुरकुर करतात. पीट कॅरल सिअॅटलला कोच होता तेव्हा ३२ इंचाच्या आतला बाहेरचा कॉर्नर त्यांना नकोच असायचा, शर्मन त्या मापातला आणि वूलन तर ३३ च्याही वर. पण माप म्हणजे माप, त्यापलीकडे काही नाही.

प्रश्न : जेफ ओकुडा तिसरा गेला होता, कॉलेजात तर त्याच्यासमोर कोणी टिकत नव्हतं, मग एनएफएलमध्ये असं का झालं? कॉलेजात भारी आणि वर आल्यावर फेल, हे कॉर्नरच्याच बाबतीत इतकं का होतं? जरा सविस्तर लिहा, आमच्या ग्रुपवर ह्यावरून भांडणं झालीत.
— एक वाचक, कोलंबस, ओहायो

ओकुडा ओहायो स्टेटचा, तुम्हा ओहायो स्टेटवाल्यांचं दुखणं मी समजू शकते. ओकुडाच्या बाबतीत दुखापती होत्याच, २०२० ला पहिल्या सीझनलाच ऑपरेशन, २०२१ ला पहिल्याच मॅचला टाचेचा मोठा स्नायुबंध तुटला, आणि त्याला निवडणाऱ्या डेट्रॉइटचा कोच मॅट पॅट्रिशिया पहिल्या सीझनच्या मध्येच गेला, मग नवीन कोच, नवीन पद्धत. २०२३ ला डेट्रॉइटने त्याला अटलांटाला पाठवला, बदल्यात ड्राफ्टच्या पाचव्या राउंडचा एक नंबर. हे वाचून तुमच्या ग्रुपवरचं भांडण मिटणार नाही, पण ह्यात पोराचा दोष किती आणि नशीब किती हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

तुमचा मोठा प्रश्न मात्र जास्त मजेचा आहे, कारण लोक कॉलेज आणि एनएफएल एकच खेळ समजतात आणि कॉर्नरसाठी ते तसे नाहीत. पहिलं म्हणजे धक्काबुक्की. एनएफएलमध्ये पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला हात लावला की फाउल, वर फर्स्ट डाउन फुकट, म्हणजे दहा यार्ड काढायला नव्याने चार प्रयत्न (प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक डाउन). कॉलेजात पाच यार्डांचा असा नियमच नाही, बॉल हवेत जाईपर्यंत बरंच ढकलाढकली चालून जाते, धरून ठेवलं नाही म्हणजे झालं. म्हणजे चार वर्षं जो पोरगा पंधरा यार्डांपर्यंत रिसीव्हरला हाताने चाचपत, रेटत खेळलाय त्याची ती सवय वर आल्यावर दर मॅचला पंचाचा एक पिवळा रुमाल, म्हणजे फाउल, काढते. आणि फाउलची किंमत बघा, पास चालू असताना अडथळा आणला तर कॉलेजात जास्तीत जास्त १५ यार्ड, एनएफएलमध्ये जिथे फाउल झाला तिथे बॉल, मग ते ४० यार्ड का असेनात. कॉलेजात बीट झालेला हुशार कॉर्नर मुद्दाम रिसीव्हरला पाडतो, १५ यार्ड दिले, टचडाउन वाचवला. वर हा धंदा चालत नाही.

दुसरी गोष्ट फारसं कोणी बोलत नाही, ती मैदानाच्या मापाची. रुंदी दोन्हीकडे १६० फूटच, पण मधे ज्या दोन तुटक रेघा असतात, हॅश, ज्यांच्या आत बॉल ठेवून खेळ सुरू होतो, त्या कॉलेजात एकमेकींपासून ४० फूट लांब आणि एनएफएलमध्ये फक्त साडेअठरा फूट. आता हिशोब करा, कॉलेजात बॉल एका हॅशवर असला तर एका बाजूला ६० फूट मैदान आणि दुसऱ्या बाजूला १००. एनएफएलमध्ये तेच साधारण ७१ आणि ८९. म्हणजे कॉलेजातला जो कॉर्नर कायम अरुंद बाजूला उभा राहिला त्याला साइडलाइन म्हणजे फुकटचा जोडीदार मिळाला, आणि जो रुंद बाजूला राहिला त्याच्यापर्यंत बॉल पोचायलाच इतका वेळ लागायचा की कॉलेजचे बरेच क्वार्टरबॅक तिकडे फेकायचेच नाहीत. वर आल्यावर दोन्ही सवलती गायब. म्हणून टेप बघताना आधी हे बघायचं की पोरगा कुठल्या बाजूला उभा होता, आणि अरुंद बाजूवाल्याच्या चांगल्या आकड्यांतून थोडं कापायचं.

तिसरं, झेल घेताना कॉलेजात एक पाय मैदानात पुरतो, एनएफएलमध्ये दोन लागतात. हे उलट कॉर्नरच्या फायद्याचं. असू दे, काहीतरी चांगलं असावं त्याच्या वाट्याला.

आणि मॅन की झोन हे आहेच. कोणाला एका रिसीव्हरच्या मागे सावलीसारखं राहता येतं, कोणाला आपल्या हद्दीत उभं राहून क्वार्टरबॅकचे डोळे वाचता येतात, दोन्ही जमणारे मोजके. अलाबामाचा पॅट्रिक सर्टन त्यातला, वडीलही एनएफएलचे कॉर्नर, त्यामुळे घरातच शाळा होती, २०२१ ला डेन्व्हरने नववा घेतला आणि २०२४ ला लीगमधला सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला. बाकीच्यांना योग्य टीम मिळणं हा अर्धा खेळ, आणि ते पोराच्या हातात नसतं.

प्रश्न : छोट्या कॉलेजातल्या मुलांना काही चान्स असतो की सगळं अलाबामा, एलएसयू, ओहायो स्टेट?
— एक वाचक, कोल्हापूर

असतो ना. टोलेडोचा क्विनयन मिचेल घ्या. २०२२ ला त्याने एकाच मॅचमध्ये ४ इंटरसेप्शन घेतले, त्यातल्या दोनवर टचडाउन, पण लोक म्हणायचे समोर होतं कोण? मग तो अलाबामातल्या मोबीलला ‘सीनियर बोल’ ह्या कॉलेज खेळाडूंच्या मॅचसाठी गेला, तिकडे आठवडाभर मोठ्या कॉलेजांच्या रिसीव्हरांबरोबर समोरासमोर सराव असतो, मागे कोणी मदतीला नाही, आणि तिकडे त्याने सगळ्यांना गप्प केलं. २०२४ ला फिलाडेल्फियाने २२ वा घेतला. छोट्या कॉलेजवाल्यासाठी मॅचपेक्षा तो एक आठवडा जास्त बोलतो.

आणि माल्कम बटलरला विसरून कसं चालेल. वेस्ट अलाबामा, मोठ्या कॉलेजांच्या यादीतही नाही, २०१४ च्या ड्राफ्टमध्ये सात राउंडमध्ये कोणी घेतला नाही, ट्रायआउट देऊन न्यू इंग्लंडमध्ये शिरला. १ फेब्रुवारी २०१५ चा सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, समोर सिअॅटल, शेवटची दोनेक मिनिटं. आधी जर्मेन कर्सला लांब पास आला, बटलरने उडी मारून बॉलला हात लावलासुद्धा, पण बॉल पडलेल्या कर्सच्या पायावर, हातावर टप्पे खात शेवटी त्याच्याच हातात बसला. असं झाल्यावर नव्वद टक्के पोरं डोकं धरून उभी राहतील. बटलर उठला आणि कर्स उठून पळायच्या आत त्याला पाच यार्डांच्या रेषेवर बाहेर ढकललं. तसं केलं नसतं तर टचडाउन, मॅच तिथेच संपली असती. मग टचडाउनला एक यार्ड उरला असताना सिअॅटलने दोन रिसीव्हर एकामागे एक उभे केले, आणि हाच डाव सरावात बटलरवर चालला होता, तेव्हा तो उशिरा निघाला होता. ह्या वेळी पुढच्या रिसीव्हरला ब्रँडन ब्राउनरने जागीच अडवला, बटलर बॉल सुटायच्या आधीच निघाला आणि मागचा रिसीव्हर रिकार्डो लॉकेटच्या पुढ्यातून बॉल काढून घेतला. न्यू इंग्लंड २८-२४ ने जिंकलं. मी वर हरण्याबद्दल बडबड करतेय ती ह्यासाठी.

प्रश्न : टॅकलिंगला काही मार्क असतात का? कितीतरी कॉर्नर नुसते बाजूला सरकतात.
— एक वाचक, ठाणे

असतात आणि असायलाच पाहिजेत. जो धावणाऱ्याला बघून खांदा चोरतो त्याला पहिल्या राउंडला घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, मग पोरगा कितीही फास्ट असो. कारण एनएफएलचे कोच दुसऱ्या आठवड्यातच ओळखतात आणि मग सगळे छोटे पास, सगळी पळापळ त्याच्याच बाजूला. आयोवाचा कूपर डिजीन टॅकलमध्ये पक्का, २०२४ ला फिलाडेल्फियाला ४० वा मिळाला आणि त्याच सीझनच्या सुपर बोलला, स्वतःच्या बाविसाव्या वाढदिवशी, कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सचा पास पकडून टचडाउन. बर्थडे बॉय.

प्रश्न : ट्रॅव्हिस हंटरने कॉर्नर खेळावं की रिसीव्हर?
— एक वाचक, पर्वरी, गोवा

कोलोरॅडोला दोन्ही खेळून २०२४ ची हाइजमन ट्रॉफी (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूची) घेतली, २०२५ ला जॅक्सनव्हिलने अदलाबदलीत वरचा नंबर घेऊन दुसरा उचलला, म्हणजे प्रश्न त्यांनाही पडलाच असणार. मला विचाराल तर कॉर्नर. चांगले रिसीव्हर दर ड्राफ्टला पाच-सहा तरी निघतात हो.

प्रश्न : आम्ही टीव्हीवर बघतो, कॅमेरा सगळा क्वार्टरबॅकवर आणि बॉलवर, कॉर्नर तर फ्रेममध्येच नसतो. मग घरबसल्या बघायचं कसं?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

हे दुखणं सगळ्यांचंच. स्काउट लोकांकडे वरून काढलेली फिल्म असते, २२ च्या २२ खेळाडू एका फ्रेममध्ये, तुमच्याकडे ती नसली तरी काम चालतं. स्नॅप व्हायच्या, म्हणजे बॉल क्वार्टरबॅकच्या हातात जायच्या आधी दोन सेकंद कॉर्नर दिसतो, तेव्हा बघा रिसीव्हरपासून किती लांब उभाय, चिकटून की सात-आठ यार्ड मागे. मग रिप्ले. बॉल त्याच्याकडे गेला की ब्रॉडकास्टवाले हमखास मागच्या अँगलने दाखवतात, तिकडे बॉल बघू नका, पोराचे हात बघा, रिसीव्हरच्या खांद्यावर आहेत की जर्सीत अडकलेत. तिसऱ्या डाउनला सात-आठ यार्ड लागत असतील तेव्हा जास्त लक्ष द्या, पहिल्या डाउनला फार काही कळत नाही. आणि चौथ्या क्वार्टरला परत बघा, दमल्यावर पावलं तशीच पडतायत का. एखाद्याच्या नावाचा अख्ख्या मॅचमध्ये उल्लेखच झाला नाही तर त्याचं नाव लिहून ठेवा, पुढच्या शनिवारी परत बघा, समोर रिसीव्हर चांगला असेल अशी मॅच निवडा.